पाहुणीकडे मागू नये

हाज मबरूक: बस गं पोरी, बस खाली. दुसरा पेला उभ्याने पिणाऱ्याला आमच्याकडे उंटसुद्धा हसतो.

डॉ. गनिया: हसू दे. हाजबाबा, स्लिमान कुठे राहिला? दुपार कलली, अस्रची बांग होऊन गेली. अद्रारच्या विमानतळापर्यंत तीन तासांचा रस्ता, वाळू उडत असली तर चार.

हाज मबरूक: येईल. टायर पंक्चर झालंय त्याच्या टॅक्सीचं.

डॉ. गनिया: पंक्चर तर सकाळीही होतं.

हाज मबरूक: ते पुढचं. हे मागचं.

डॉ. गनिया: गाडी आहे का चाळणी?

हाज मबरूक: गाडी चांगली आहे गं, रस्ता सरकारी आहे. फीत कापली त्या दिवशी गुळगुळीत होता, मी स्वतः पाहिलाय. शेंगदाणे टाक चहात. अशी काय बघतेस? चार वर्षं झाली, अजून चहात शेंगदाणे बघून तोंड वाकडं करतेस.

डॉ. गनिया: उत्तरेला, आमच्या बिजायात चहा पितात आणि शेंगदाणे खातात. दोन्ही एकदम नाही.

हाज मबरूक: म्हणून तर तुमच्याकडची माणसं वाळकी. समुद्र बघून पोट भरतं का कुठे.

डॉ. गनिया: माझा फोन द्या, मी दुसरी गाडी बोलावते. सकाळी दारात पाऊल टाकलं तेव्हा चार्जिंगला लावतो म्हणून घेऊन गेलात. एव्हाना गावातले सगळे फोन भरले असते.

हाज मबरूक: मधे वीज गेली होती.

डॉ. गनिया: पंखा चालू होता माझ्या डोक्यावर.

हाज मबरूक: पंख्याची वायर वेगळी आहे.

डॉ. गनिया: तुमच्या सुनेला हाक मारा, ती आणून देईल.

हाज मबरूक: ती घरात कुठे आहे? सकाळी कुसकुस शिजवून ठेवलं आणि गेली मसऊदाच्या सासरी. म्हणे सपीट चाळायचंय. एवढ्या घाईत निघाली, डोक्यावरची ओढणी उलटी होती. सपीट काय पळून चाललं होतं? मायलेकींना माझ्यामागे कुजबुजायचं असतं, दुसरं काय.

डॉ. गनिया: कशी आहे मसऊदा?

हाज मबरूक: माझी नात आहे, कशी असणार? जीभ जागेवर आहे. पोट एवढं मोठं झालंय की मला म्हणते, आजोबा, मी खाली बसले तर उठवायला फोगाऱ्याच्या भुयारात उतरणारी माणसं बोलवावी लागतील, दोर घेऊन.

डॉ. गनिया: शनिवारी तिला अद्रारला न्यायचं ठरलंय ना? मी लिहून दिलंय. पहिल्या खेपेला सिझर झालेलं, तिला कळांची वाट बघू द्यायची नाही. कळा सुरू झाल्या की पिशवी जुन्या टाक्यापाशी दगा देते. पुन्हा पुन्हा सांगितलंय तिला आणि तिच्या नवऱ्यालाही.

हाज मबरूक: सांगितलंस. पाठ झालंय आम्हाला.

डॉ. गनिया: मग शनिवारी निघा म्हणजे झालं. अजून आठवडाभर अवकाश आहे तिला.

हाज मबरूक: आणि तिने शनिवारपर्यंत दम नाही धरला तर? घाईची पोर आहे ती. स्वतः जन्मली तेव्हा सुईणीला चपला काढायला वेळ दिला नाही. ती क्युबाची सर्जनबाई करेल का कापाकापी?

डॉ. गनिया: भूल कोण देणार?

हाज मबरूक: तेच विचारतोय.

डॉ. गनिया: भुलीशिवाय कशी कापेल ती? मेंढी आहे का मसऊदा? बाईचा हात चांगला आहे, पण ती कापते आणि मी श्वास सांभाळते, असं ते दोघींचं काम आहे.

हाज मबरूक: म्हणजे आजपासून तिचेही हात बांधलेले. आणि तुझ्या जागी कोण येतंय?

डॉ. गनिया: पत्र निघालंय म्हणतात राजधानीतून.

हाज मबरूक: पत्रं निघतात. माणसं निघत नाहीत.

डॉ. गनिया: हाजबाबा, ते मला नका सांगू. मंत्रालयाला सांगा.

हाज मबरूक: सांगितलं होतं की. नवीन ऑपरेशन थिएटरचं उद्घाटन झालं तेव्हा एवढा मोठा साहेब आला होता, मी पहिल्या रांगेत. मला म्हणाला, हाज, बघा, जर्मनीची यंत्रं आहेत. मी म्हटलं, साहेब, जर्मनीचा माणूसपण आणलाय का? खूप हसला. पाठीवर थाप मारली माझ्या. त्या यंत्रांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

डॉ. गनिया: मी काढलं होतं. एकाचं. त्याला जोडायची नळी आलीच नाही, म्हणून परत घातलं.

हाज मबरूक: बघ. आमच्याकडे उपचार फुकट, औषध फुकट, खाट फुकट. फक्त दोरा आणि हातमोजे बाहेरून आणायचे आणि डॉक्टर उत्तरेहून.

डॉ. गनिया: कसली घूं घूं ऐकू येतेय?

हाज मबरूक: माशा. खजुराच्या रांजणाला माशा लागतात या दिवसांत.

डॉ. गनिया: थांबली.

हाज मबरूक: माशीच ती. थांबते, परत येते. निखारे पेटत नाहीयेत नीट, लाकूड ओलं आहे.

डॉ. गनिया: वाळवंटात ओलं लाकूड तुम्हीच शोधून आणलंत!

हाज मबरूक: ऐक, तुला एक सांगतो. तुला माहितेय मी पाण्याचा मापाडी होतो. डोंगराखालून भुयारातून पाणी येतं, त्या फोगाऱ्याच्या तोंडाशी दगडाची फणी असते. पाणी येऊन फणीवर पडलं की दातादातांतून वाटलं जातं. हा वाटा मशिदीचा, हा या घराचा, हा त्या घराचा. माझ्या हातात मापाची तांब्याची पट्टी. पाट जिथे संपतो तिथे एक विधवा राहायची, पाच खजुरांची धनीण. तिचा वाटा बोटाएवढा. पण एकाही उन्हाळ्यात तिचं बोट कोरडं गेलं नाही. माझा सख्खा भाऊ म्हणाला, मबरूक, जरा माझ्याकडचा दात रुंद कर, कोणाला कळतंय. त्याच्याशी मी दोन ईदा बोललो नाही.

डॉ. गनिया: पुढे?

हाज मबरूक: पुढे काय? आमच्या अडाणी वाडवडिलांना पाणी वाटता आलं. ह्या शिकलेल्यांना डॉक्टर वाटता येत नाहीत. तिकडे अल्जिअर्समध्ये एका गल्लीत पाच पाट्या, आणि इथे एवढ्या मुलखाला भूल द्यायला एक बाई. तीही बॅग भरून बसलेली.

डॉ. गनिया: मी पाणी नाही, हाजबाबा. पाण्याला आई नसते. पाण्याला झोपही लागत नाही.

हाज मबरूक: रागावलीस?

डॉ. गनिया: नाही. हो, रागावले. मी इथे आले ती पदवीसाठी. दक्षिणेत सेवा केल्याशिवाय पदवीचा कागद हातात देत नाहीत, माहितेय ना तुम्हाला? शिकले मी, परीक्षा दिल्या मी, आणि कागद त्यांच्या कपाटात. दोन वर्षं म्हणाले. दोन झाली तर म्हणे बदली माणूस येईपर्यंत. चार झाली. चार वर्षं मी दवाखान्याच्या हाकेच्या बाहेर गेले नाही. केस धुताना फोन न्हाणीघरात ठेवायचे. तुमच्या गावातल्या लग्नात मी एकदाही पूर्ण जेवले नाही. जादा ड्यूटीचा पगार कधी येतो, कधी येत नाही, त्याचं तर मी बोलणंच सोडलं. मागच्या महिन्यात खदूजने मला उभ्या उभ्या झोपलेलं पकडलं. हातात भरलेली सिरिंज, समोर टेबलावर माणूस.

हाज मबरूक: खदूज बोलली नाही कधी.

डॉ. गनिया: ती चांगली सुईण आहे, म्हणून बोलली नाही. पण मला कळलं. आणखी थोडे दिवस राहिले असते तर माझ्याच हातून कोणीतरी गेलं असतं. मग तुम्हीच म्हणाला असता, उत्तरेची बाई, आमची माणसं मारायला आली होती.

हाज मबरूक: आणि आता कुठे, फ्रान्सला?

डॉ. गनिया: आधी आईकडे. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून काढतात, दर वेळी शेजारीण घेऊन जाते तिला. मग पुढच्या महिन्यात लियाँ. तिथे आमच्या पदवीला अर्धाच मान आहे, रात्रपाळ्या आम्हालाच लावतात. पण सकाळी दुसरं कोणीतरी येतं आणि म्हणतं, जा, झोप. एवढंच पाहिजे मला.

हाज मबरूक: खरं आहे. उतार दिसला की पाणी…

डॉ. गनिया: परत पाणी!

हाज मबरूक: बरं, बरं. नाही म्हणत. थांब, चहा जरा आणखी उकळू दे.

डॉ. गनिया: हाजबाबा, माझ्याकडे बघा. स्लिमानचं टायर खरंच फुटलंय का?

हाज मबरूक: टायर म्हणजे… हवा कमी होती.

डॉ. गनिया: हाजबाबा.

हाज मबरूक: मी त्याला सांगितलंय, सूर्य बुडाल्यावर, मगरिबच्या नमाजानंतर ये.

डॉ. गनिया: मगरिबनंतर? तोवर विमान निघून जाईल!

हाज मबरूक: पुढचं मंगळवारी आहे.

डॉ. गनिया: तुम्हाला माहितेय पुढचं कधी आहे ते.

हाज मबरूक: चौकशी केली मी.

डॉ. गनिया: म्हणून सकाळी सूर्य उगवायच्या आत गाडी पाठवलीत. म्हणून दुपारचं जेवण, मग डुलकी काढ म्हणालात, मग ओलं लाकूड. आणि फोन? फोन कुठे आहे?

हाज मबरूक: पोरी, ऐक…

डॉ. गनिया: त्या माशा! रांजणात ठेवलात तुम्ही! खजुरांत! मघाशी कोणाचा फोन होता, हाजबाबा? माझी आई असेल तर? तुम्हाला लाज नाही वाटली?

हाज मबरूक: वाटली. सकाळपासून वाटतेय. कुसकुस गिळलं नाही मला, तू बघितलंस.

डॉ. गनिया: दवाखान्यातून कोणी मला निरोप द्यायला पण आलं नाही. मी म्हटलं, चार वर्षं घातली तरी एक माणूस दारापर्यंत आला नाही. तेही तुमचंच काम?

हाज मबरूक: पहाटे मी फाटकावर गेलो. पहारेकऱ्याला म्हटलं, डॉक्टरीण गेली, स्लिमान पहाटेच अद्रारला घेऊन गेला. नाहीतर त्यांनी त्यांची गाडी काढली असती तुला सोडायला. मग मी कसा अडवणार?

डॉ. गनिया: हज करून आलेला माणूस तुम्ही. साफ खोटं बोललात?

हाज मबरूक: तिथे दगड मारून आलो त्या सैतानाला. तो आधीच्या गाडीने घरी पोचला असणार.

डॉ. गनिया: विनोद नका करू. अजिबात नका करू आता.

हाज मबरूक: विनोद नाही गं. मसऊदाच्या वेळी, पहिल्या खेपेला, मी दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो. तू बाहेर आलीस, कपाळावर घाम, आणि म्हणालीस, दोघं आहेत, हाजबाबा. दोघं आहेत. त्या दिवसापासून मी प्रत्येक नमाजानंतर तुझं नाव घेतो. आणि तू जाणार म्हटल्यावर मी हिशेब केला, मंगळवारपर्यंत अडवलं तर शनिवार मधे येतो. शनिवारी इथेच, तुझ्या हातून, उरकून जाईल. अद्रारला तिला कोण ओळखतं? तिथे म्हणे बाया दोघी दोघी एका खाटेवर. तेवढे दिवस फक्त.

डॉ. गनिया: मग मला विचारायचं!

हाज मबरूक: काय?

डॉ. गनिया: 'थांबतेस का?' एवढंच. दोन शब्द. मंत्रालयाने कागद अडवला, दवाखान्याने रजा अडवली, तुम्ही फोन खजुरात पुरलात. सगळ्यांनी अडवलंच. चार वर्षांत कोणीही, एकानेही, मला विचारलं नाही.

हाज मबरूक: कसं विचारणार? तू माझ्या घरात पाहुणी. चहाला बसलेल्या माणसाकडे आम्ही काही मागत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही, मग ते मागणं कसलं, ती लूट झाली. माझा बाप उपाशी राहिला, पण पाहुण्याकडे मागितलं नाही कधी.

डॉ. गनिया: मागणं म्हणजे लूट, आणि हे काय?

हाज मबरूक: हे… हा चहा आहे. चहाला उशीर होतो. होतच असतो.

डॉ. गनिया: धन्य आहात.

हाज मबरूक: विचारलं असतं तर थांबली असतीस?

डॉ. गनिया: शिव्या दिल्या असत्या. आईला फोन करून रडले असते. आणि मसऊदासाठी थांबले असते मंगळवारपर्यंत. तुम्हाला माहितेय थांबले असते. गेली चार वर्षं दुसरं काय केलं मी?

हाज मबरूक: मग चुकलं माझं. म्हातारा आहे, चुकलं. माफ कर. स्लिमान वळणापलीकडे बसलाय, खजुरांच्या सावलीत, गाडी ठणठणीत आहे. रस्ता मोकळा असला आणि त्याने पाय दाबून चालवली तर अजून मिळेल विमान. हा तिसरा पेला. हा पी आणि ऊठ. तिसऱ्यानंतर आमच्याकडे कोणी कोणाला अडवत नाही.

डॉ. गनिया: मला काही प्यायचं नाही. आधी फोन.

हाज मबरूक: दोन्ही देतो. बस, रांजण जड आहे, मी काढतो… अगं, दार कोण वाजवतंय? ये, उघडंच आहे.

(खदूज आत येते. अंगावर दवाखान्याचा झगा तसाच आहे.)

खदूज: हाजबाबा, बसा तुम्ही. आधी खाली बसा. घरात कोण आहे तुमच्याजवळ? सून अजून… डॉक्टर?

डॉ. गनिया: खदूज, काय झालं?

खदूज: तुम्ही इथे?

डॉ. गनिया: सकाळपासून. काय झालं ते सांग.

खदूज: सकाळपासून. इथे. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत.

डॉ. गनिया: खदूज!

खदूज: तुम्ही तर गेलात ना? पहाटे गेलात. गेलात म्हणून तर आम्ही… मी किती वेळा फोन लावला. वाजत होता, वाजत होता. मी म्हटलं, रस्त्यात रेंज नसेल. मग म्हटलं, विमानतळावर आत गेल्या असतील. मग म्हटलं, सुटल्या एकदाच्या, कशाला उचलतील.

हाज मबरूक: खदूज, कोणाचं काय झालं?

खदूज: मसऊदाला सकाळी कळा सुरू झाल्या.

हाज मबरूक: नाही. तिला शनिवार आहे.

खदूज: सकाळीच झाल्या. तिच्या आईने आणलं तिला. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या सगळ्याजणी, तुमचं हृदय असं, मागच्या खेपेला ओट्यावर चक्कर येऊन पडला होतात. क्युबाची बाई हात धुऊन उभी होती. थिएटर तयार. मी टेबल मांडून ठेवलं. सगळं होतं, डॉक्टर. फक्त तुम्ही नव्हता.

डॉ. गनिया: मग?

खदूज: वाट बघितली. फाटकावर पहारेकऱ्याला दोनदा विचारायला पाठवलं, नक्की गेल्या का, नक्की का? तो म्हणाला, खुद्द हाज मबरूक सांगून गेले. मग आम्ही शोधलं नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर गल्लीगल्लीत दारं ठोठावली असती. तुमचा शब्द, हाजबाबा. आम्ही तुमच्या शब्दावर तिला गाडीत घातली आणि अद्रारला पाठवली.

डॉ. गनिया: परत बोलाव. गाडी परत बोलाव, खदूज, आत्ता, मी आहे इथे, आपण अर्ध्या रस्त्यात…

खदूज: डॉक्टर.

डॉ. गनिया: ड्रायव्हरला फोन लाव!

खदूज: ड्रायव्हरचाच फोन आला. अस्रच्या बांगेच्या सुमारास. पाण्याच्या जुन्या टाक्या मागे टाकल्या आणि ती म्हणाली, आत काहीतरी फाटलं. मग पांढरी पडली. बरोबर आमची नवी नर्स होती, तिला दुसरी शीर सापडेना. मी फोनवरून सांगत होते, इथे टोच, तिथे टोच. मग ती पोर नुसती रडायलाच लागली.

डॉ. गनिया: बाळ?

खदूज: नाही.

डॉ. गनिया: दोघं?

खदूज: दोघं. गाडी परत येतेय. मग मी तुम्हाला परत फोन लावला. का लावला कोण जाणे. काही झालं की तुम्हाला लावायची सवय.

डॉ. गनिया: आला होता. ऐकला मी. माशा वाटल्या.

खदूज: काय?

डॉ. गनिया: काही नाही. हाजबाबा. हाजबाबा, इकडे बघा माझ्याकडे. श्वास घ्या. छातीत दुखतंय का?

हाज मबरूक: नाही.

डॉ. गनिया: डाव्या हातात?

हाज मबरूक: काही नाही दुखत. काहीच दुखत नाही. हे बघ, हात घातला मी. खाली आहे, तळाशी. हा घे. चिकट झालाय, खजुराचा पाक लागलाय. पुसून देतो.

डॉ. गनिया: राहू द्या.

हाज मबरूक: पुसतो की. थांब. तुझी वस्तू आहे, तुला स्वच्छ दिली पाहिजे… हे काय पेटलं? हे कोणाचं?

डॉ. गनिया: द्या इकडे.

हाज मबरूक: मला अक्षरं कळत नाहीत, पण हा फोटो तिचा आहे. हा आमच्या अंगणातला. हिचाही फोन आला होता तुला?

डॉ. गनिया: आवाज ठेवलाय तिने. दुपारचा आहे. नंतर ऐकते मी.

हाज मबरूक: लाव.

खदूज: नको, हाजबाबा. आज नको.

हाज मबरूक: मी फणीवरून कोणाचं पाणी वळवलं ते मला ऐकू दे. लाव, पोरी.

मसऊदाचा आवाज: डॉक्टर? मी मसऊदा. तुम्ही गेलात म्हणे पहाटे, निरोप पण घेतला नाहीत, मी रुसलेय तुमच्यावर. इथे सगळ्या घाबरल्यात, खदूजमावशी तर माझ्यावर ओरडतेय, पण मला तेवढं नाही दुखत. आई गं… थांबा. हं. गेली कळ. आता आम्हाला गाडीतून पाठवतायत. तुम्ही नका काळजी करू, तुम्ही विमानात नीट झोपा, चार वर्षं झोपला नाहीत. आणि एक काम करा. आजोबांचा फोन आला तुम्हाला तर सांगू नका हं. आज तुम्ही गेल्यामुळे ते आधीच एकटे चहा पीत बसले असतील. त्यांना मी बाळ घेऊन आल्यावरच सांगणार आहे.

खदूज: बंद करा.

डॉ. गनिया: संपलंय.

खदूज: बाहेर गाडी वाजतेय. कोणाची आहे?

डॉ. गनिया: स्लिमान.

हाज मबरूक: लवकर आला. मगरिबनंतर ये म्हटलं होतं. कधी वेळेवर येत नाही, आज लवकर आला. जा तू, पोरी. बॅगा उचल, विमान मिळेल तुला. आईकडे जा. तुझी काही चूक नाही यात, हे मी सगळ्या गावासमोर सांगेन. मशिदीत उभं राहून सांगेन. जा.

डॉ. गनिया: तुमच्याजवळ कोणीतरी पाहिजे आत्ता.

हाज मबरूक: येतील. गाडी परत येतेय ना तिची, मग सगळे येतील. खदूज, तू पण जा, तुझं काम सोडून आलीस. वॉर्डात कोणी आहे का गं?

खदूज: असू दे, हाजबाबा. ते तुम्ही नका विचारू आता.

हाज मबरूक: कोण आहे?

खदूज: आहे एक. पलीकडच्या गावची, पहिलटकरीण. बाळ आडवं आहे. सकाळपर्यंत बघू म्हणतोय. नाहीतर तिलाही गाडीत घालायची.

हाज मबरूक: त्याच रस्त्याने.

खदूज: दुसरा कुठे आहे?

हाज मबरूक: तिचं माझं नातं काय आहे का? ओळख?

खदूज: नाही. तिच्या माणसांना तुम्ही बघितलंही नसेल कधी.

हाज मबरूक: चहा गार झाला. राहू दे. तो पेला खाली ठेव, पोरी, आणि ऊठ. उंबऱ्याबाहेर ये माझ्याबरोबर. हं. आता तू माझी पाहुणी नाहीस.

डॉ. गनिया: हाजबाबा, काय करताय? आत चला, बसा.

हाज मबरूक: थांबतेस का?